सिद्धता चोख, पण पक्ष कोणी वाचला?

भूमितीच्या वहीत प्रमेय लिहिण्याची एक ठरलेली रीत असते. आधी ‘पक्ष’, मग ‘साध्य’ आणि त्यानंतर ‘सिद्धता’. विद्यार्थ्यांचे आणि आपलेही सारे लक्ष सिद्धतेवर असते. पक्ष म्हणजे प्रश्नातले वाक्य वहीत उतरवून काढणे, एवढाच त्याचा मान उरतो. वास्तविक प्रमेयाचे बळ किती, हे पक्षावरून ठरते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते हे खरे. पण त्रिकोण सपाट पृष्ठावर काढला असेल तरच. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत एकमेकांशी ९० अंशांचा कोन करणारी दोन रेखावृत्ते घ्या. त्यांच्यामुळे आणि विषुववृत्तामुळे तयार होणाऱ्या त्रिकोणाचे तीनही कोन काटकोन आहेत. बेरीज २७० अंश! येथे युक्लिडची सिद्धता चुकलेली नाही. आपण पक्ष बदलला आहे.

ही शाळेतली गोष्ट आठवण्याचे कारण असे, की ‘अमुक संगणक प्रणाली सुरक्षित असल्याचे गणिताने सिद्ध झाले आहे’ हे विधान आता वारंवार वाचायला मिळते. गणिताचा दाखला आला की सामान्य वाचक गप्प बसतो. शिक्षकाने मात्र गप्प बसू नये. अशा विधानांमागचे काम खरे, कष्टाचे आणि मोलाचे आहे, यात शंका नाही. पण ते ज्या पद्धतीने सांगितले जाते, त्यात पक्ष गाळलेला असतो. या लेखातील टीका त्या गाळण्यावर आहे.

चाचणी पुरत नाही म्हणून

संगणकाची आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ती वेगवेगळी माहिती देऊन चालवून पाहणे. हा मार्ग किती अपुरा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली आहे. अशा संख्यांच्या जोड्या २ चा ६४ वा घात, म्हणजे सुमारे १८ वर १८ शून्ये, इतक्या होतात. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी सगळ्या तपासायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. चाचणीतून चूक असल्याचे दिसते, नसल्याचे दिसत नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा सांगत असत ते याचसाठी.

सुरक्षिततेच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. पूल बांधणाऱ्याला वाऱ्याचा आणि वजनाचा विचार करावा लागतो. पण वारा काही पुलाची दुबळी जागा शोधत फिरत नाही. संगणक प्रणालीवर हल्ला करणारा नेमके तेच करतो. कोट्यवधी शक्यतांपैकी एक जरी सुटली, तरी तीच त्याच्या कामाची असते. म्हणून सर्व शक्यतांविषयी एकदम बोलणारे साधन हवे, आणि असे साधन गणितापाशी फार पूर्वीपासून आहे. ते म्हणजे सिद्धता.

आज्ञावलीविषयी अशी सिद्धता देण्याला ‘आकारिक पडताळणी’ म्हणू या. ‘आकारिक’ अशासाठी की येथे प्रत्येक विधान ठरलेल्या चिन्हभाषेत लिहिलेले असते आणि एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याचे नियम इतके काटेकोर असतात, की ते पाळले गेले की नाही हे यंत्रालाही तपासता येते. याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकात प्रणालीचे छोटे प्रारूप करून तिच्या सर्व संभाव्य अवस्था संगणकाकडून धुंडाळल्या जातात. दुसऱ्यात माणूस सिद्धता रचतो आणि संगणक तिची पायरीन् पायरी तपासतो.

सतरा वर्षे न दिसलेली खोट

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण अवघ्या तीन संदेशांचे आहे. १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी एक प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची ठरलेली नियमावली, प्रसिद्ध केली. प्रश्न असा होता : जाळ्यावरचे दोन संगणक एकमेकांना पाहू शकत नाहीत, मग समोरचा खरोखर तोच आहे, याची खात्री त्यांनी कशी करून घ्यावी?

कल्पना करा, की प्रत्येकाने आपल्या नावाची उघडी कुलपे सर्वांना वाटून ठेवली आहेत. कुलूप कोणीही दाबून लावू शकतो. किल्ली मात्र एकट्या मालकाकडे. अनघाला भास्करशी बोलायचे आहे. ती मनात एक नवा आकडा धरते, समजा ५७. ‘मी अनघा, ५७’ अशी चिठ्ठी पेटीत घालून ती पेटीला भास्करचे कुलूप लावते. भास्कर पेटी उघडतो, आपला आकडा धरतो, समजा ८३, आणि ‘५७, ८३’ ही चिठ्ठी अनघाचे कुलूप लावून पाठवतो. परत आलेला ५७ पाहून अनघाची खात्री पटते, की पेटी भास्करनेच उघडली. आता ती ‘८३’ ही चिठ्ठी भास्करच्या कुलपात पाठवते, म्हणजे भास्करचीही खात्री पटते. दोन्ही आकडे दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नाहीत. सारे कसे व्यवस्थित वाटते.

१९८९ मध्ये मायकेल बरोज, मार्टिन अबादी आणि स्वतः नीडहॅम यांनी अशा प्रोटोकॉलांसाठी एक खास तर्कशास्त्र मांडले. ‘अमुक संदेश मिळाल्यावर भास्करने काय मानणे योग्य आहे’ अशा विधानांवर ते चालते. त्या तर्कशास्त्राने हा प्रोटोकॉलही तपासला गेला, आणि त्यात पुढे सांगितलेली खोट आढळली नाही.

१९९५ मध्ये गॅव्हिन लो यांनी ती खोट दाखवली. समजा, अनघाचा चंद्रकांतशीही रीतसर व्यवहार आहे आणि चंद्रकांत लबाड आहे. सर्व पेट्या वाटेत त्याच्या हातून जातात असेही समजा. अनघा त्याच्याशी बोलणे सुरू करते : ‘मी अनघा, ५७’, कुलूप चंद्रकांतचे. तो पेटी उघडतो, तीच चिठ्ठी भास्करचे कुलूप लावून भास्करकडे धाडतो. भास्करला वाटते, अनघाचा संदेश आला. तो ‘५७, ८३’ ही चिठ्ठी अनघाच्या कुलपात पाठवतो. चंद्रकांतला ही पेटी उघडता येत नाही, आणि उघडण्याची गरजही नाही. तो ती जशीच्या तशी अनघाकडे देतो. अनघा आपला ५७ पाहते, हे चंद्रकांतचेच उत्तर आहे असे समजते आणि ‘८३’ ही चिठ्ठी चंद्रकांतच्या कुलपात पाठवते. झाले! चंद्रकांतला ८३ कळला. तो भास्करच्या कुलपात घालून पाठवला, की भास्करच्या दृष्टीने चंद्रकांत हाच अनघा ठरतो. भास्करच्या जागी बँक असेल, तर अनघाच्या नावावर काय काय होऊ शकेल, हे सांगायला नको.

एकही कुलूप तोडले गेले नाही, एकही किल्ली चोरीला गेली नाही. उपाय मात्र एका शब्दाचा होता : भास्करने आपल्या चिठ्ठीत नावही लिहावे, ‘मी भास्कर, ५७, ८३’. मग चंद्रकांतच्या उत्तराची वाट पाहणारी अनघा भास्करचे नाव पाहून तिथेच थांबेल. १९९६ मध्ये लो यांनी प्रारूप तपासणाऱ्या एका आज्ञावलीच्या साह्याने हा हल्ला यंत्रालाही सापडतो हे दाखवले. दुरुस्त केलेल्या प्रोटोकॉलच्या छोट्या प्रारूपात यंत्राला हल्ला सापडला नाही. छोट्यात नसेल तर मोठ्यातही नाही, हे त्यांनी स्वतंत्र युक्तिवादाने सिद्ध केले.

ही गोष्ट कशी सांगितली जाते

सहसा ही गोष्ट अशी सांगतात : सतरा वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांना न दिसलेली चूक अखेर गणिती तपासणीने पकडली. असे सांगितले, की गणिताचा जय होतो आणि सगळे खूश होतात. मला हे कथन अपुरे वाटते, कारण १९८९ ची तपासणीदेखील गणितीच होती. मग ती चुकली का?

तसेही म्हणता येत नाही. बरोज, अबादी आणि नीडहॅम यांनी आपल्या निबंधात सुरुवातीलाच स्पष्ट केले होते, की अविश्वासू भागीदाराचा विचार या तर्कशास्त्रात केलेला नाही. म्हणजे त्यांचा पक्ष होता : व्यवहार करणारे सर्व जण प्रामाणिक आहेत. लबाड माणूस बाहेरचा असेल, आतला नाही. लो यांनी पक्ष बदलला. चंद्रकांतला त्यांनी रीतसर सभासद केले, आणि तोच लबाड असू शकतो असे मानले. गोलावरच्या त्रिकोणाचीच ही गोष्ट आहे. पक्ष छापलेला होता. ‘तपासून झाले’ एवढेच ज्यांनी लक्षात ठेवले, त्यांनी तो वाचला नाही. आणि खऱ्या जाळ्यांत लबाडी करणारा पुष्कळदा आतलाच असतो, हे सांगायला तर्कशास्त्र लागत नाही. कोणत्याही पतसंस्थेचा जुना कारकून ते सांगेल.

लो यांच्या सिद्धतेलाही पक्ष आहेच. कुलूप किल्लीशिवाय उघडत नाही, हे ते गृहीत धरतात. डॅनी डोलेव्ह आणि अँड्र्यू याओ यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ज्या चौकटीत असे विचार केले जातात, तिचाच तो भाग आहे. हे गृहीतक योग्य आहे की नाही, ही तपासणी वेगळी आणि तितकीच महत्त्वाची.

वाय-फायचे उदाहरण

ही केवळ जुन्या काळची हकीकत नाही. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा पद्धतीत फोन आणि राउटर चार संदेशांची देवाणघेवाण करून एक गुप्त किल्ली ठरवतात. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी या देवाणघेवाणीची सिद्धता दिली. साध्य होते : किल्ली गुप्त राहते आणि दोन्ही बाजू अस्सल असतात.

२०१७ मध्ये बेल्जियममधील लव्हेन विद्यापीठाच्या म्याथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी ‘क्रॅक’ नावाचा हल्ला प्रसिद्ध केला. चार संदेशांतला तिसरा वाटेत हरवला, तर राउटर तो पुन्हा पाठवतो. तो पुन्हा मिळाला, की अनेक फोन तीच किल्ली नव्याने बसवत आणि पाकिटे मोजण्याचा आपला मोजक पुन्हा आरंभीच्या आकड्यावर नेत. सांकेतिक लिपीच्या वहीतले एकदा वापरलेले पान फाडून टाकायचे असते. येथे तेच पान दुसऱ्यांदा वापरले जाई. एका पानाने झाकलेले दोन मजकूर शेजारी ठेवले, की त्यांच्यातील संबंधावरून मजकूर उघडा पडू शकतो.

लक्षात घ्या, या हल्ल्यात किल्ली शेवटपर्यंत गुप्तच राहते. २००५ चे साध्य आजही खरे आहे. ठरलेली किल्ली नेमकी केव्हा आणि किती वेळा बसवायची, याविषयी त्या सिद्धतेत काहीही म्हटलेले नव्हते. येथे पक्षाबरोबर साध्यही तोकडे पडले. जे सिद्ध केले ते खरे होते. वापरणाऱ्याला जे हवे होते, ते त्याहून अधिक होते.

जिथे काम चोख झाले

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘निक्टा’ या संस्थेच्या गटाने ‘एसईएल-४’ या कार्यप्रणालीच्या गाभ्याची पडताळणी जाहीर केली. गाभा म्हणजे संगणकातील इतर सर्व आज्ञावल्यांना एकमेकींपासून वेगळे ठेवणारा भाग. सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींच्या या गाभ्यासाठी लिहिलेली सिद्धता सुमारे २ लाख ओळींची आहे. म्हणजे आज्ञावलीच्या एका ओळीमागे सिद्धतेच्या साधारण २३ ओळी. त्यासाठी लागलेली साधने तयार करण्यासकट सुमारे २० मनुष्य-वर्षे खर्ची पडली. हे करताना आज्ञावलीतल्या शंभराहून अधिक चुका सापडल्या व दुरुस्त झाल्या. टीका करतानाही या कामापुढे मान लवते.

मला अधिक मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. या गटाने आपला पक्ष यादी करून छापला : सी भाषेतून यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर बरोबर आहे, यंत्रभाषेत हाताने लिहिलेल्या सुमारे ६०० ओळी बरोबर आहेत, संगणक सुरू होतानाचा भाग बरोबर आहे, आणि यंत्र त्याच्या वर्णनाप्रमाणे वागते. पुढे २०१३ मध्ये कंपायलरवरचे अवलंबनही त्यांनी दूर केले. यादी होती, म्हणूनच पुढे काय करायचे हे कळले.

यंत्राविषयीचे गृहीतक किती नाजूक असते, ते २०१८ च्या जानेवारीत ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या दोषांनी दाखवले. वेग वाढवण्यासाठी आधुनिक प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर ते काम रद्द करतो. पण रद्द केलेल्या कामाच्या खुणा जलद स्मृतीत उरतात, आणि एखादी माहिती मिळायला किती वेळ लागला हे मोजून त्या वाचता येतात. ज्या सिद्धतेत वेळ हे परिमाणच नाही, तिला ही वाट दिसणार कशी?

सिद्धता असलेला भाग टिकतो आणि चुका कडेला सापडतात, याचा पुरावाही आहे. २०११ मध्ये यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी यादृच्छिक आज्ञावल्या देऊन अनेक कंपायलर तपासले. एकूण ३२५ हून अधिक दोष त्यांनी कळवले. ‘कॉम्पसर्ट’ या सिद्ध केलेल्या कंपायलरमध्ये मात्र सापडलेल्या चुका सिद्धतेच्या बाहेरच्या भागांत होत्या. २०१७ मध्ये आणखी एका गटाने पडताळणी झालेल्या तीन प्रणाली तपासल्या, तेव्हा १६ दोष मिळाले. तेही गृहीतकांत, साधनांत आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या भागांत.

एक जुना आक्षेप

१९७९ मध्ये डी मिलो, लिप्टन आणि पर्लिस या तिघांनी या साऱ्या उद्योगावर कडक टीका केली होती. त्यांचे म्हणणे असे : गणितातली सिद्धता विश्वासार्ह ठरते, कारण अनेक गणिती ती वाचतात, वर्गात शिकवतात, तीत खोट काढतात. आज्ञावल्यांच्या सिद्धता लांबलचक आणि कंटाळवाण्या. त्या कोण वाचणार?

या आक्षेपाचा अर्धा भाग कालबाह्य झाला आहे. २ लाख ओळी आता यंत्र वाचते, आणि न कंटाळता वाचते. उरलेला अर्धा मात्र पूर्वीइतकाच खरा आहे. पक्ष वास्तवाला धरून आहे का, आणि साध्य आपल्याला हवे तेच आहे का, हे यंत्र सांगू शकत नाही. ते माणसांनीच वाचायला, शिकवायला आणि खोडून पाहायला हवे. सुदैवाने हा भाग २ लाख ओळींचा नसतो; बऱ्याचदा तो दोन-चार पानांत मावतो.

तो न वाचण्याची किंमत कोण मोजतो? ब्रिटनमधील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबप्रणालीत तूट दिसली, म्हणून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक टपालचालकांना दोषी ठरवण्यात आले. संगणक बरोबर चालतो असे मानूनच न्यायालये चालली. प्रणालीत दोष होते, हे २०१९ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले, आणि २०२४ मध्ये खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. होरायझनची कसलीही गणिती सिद्धता नव्हती. नुसता विश्वास पुरला. अशा प्रणालीवर ‘सिद्ध’ असा शिक्काही असता, तर त्या माणसांचे कोणी ऐकले असते का? ‘सिद्ध’ हा शब्द जपून वापरायला हवा तो यासाठी.

म्हणून असे विधान समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत. नेमके काय सिद्ध केले? काय गृहीत धरून? आणि ज्याची सिद्धता दिली तीच वस्तू आपण वापरत आहोत, की तिचे प्रारूप सिद्ध झाले आणि वस्तू वेगळी आहे? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या कामावर, एसईएल-४ प्रमाणे, अधिक विश्वास ठेवावा. उत्तरे टाळणाऱ्या जाहिरातीवर कमी.

वर्गासाठी

अनघा, भास्कर आणि चंद्रकांत यांचा खेळ आठवी-नववीच्या वर्गात एका तासात होतो. कुलपांऐवजी तीन रंगांची पाकिटे घ्या. ज्याचा रंग त्यानेच पाकीट उघडायचे. आधी प्रामाणिक खेळ दोनदा करून घ्या, मग चंद्रकांतला बाजूला बोलावून लबाडी समजावून द्या. भास्कर फसल्यावर ‘कोणता नियम मोडला?’ असे विचारा. कोणताच मोडला नाही, हे मुलांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागतो, तो द्यावा. मग एका शब्दाची दुरुस्ती त्यांनाच शोधू द्या.

त्यानंतर भूमितीच्या वहीकडे वळा. शिकवून झालेले एखादे प्रमेय घ्या, पक्षातला एक शब्द खोडा आणि साध्य अजून टिकते का ते विचारा. ‘समद्विभुज’ खोडला तर? ‘समांतर’ खोडला तर? टिकत नसेल, तर सिद्धतेची कोणती पायरी ढासळली, ते मुलांनी दाखवावे. या उत्तराला सिद्धतेइतकेच गुण द्यावेत.